मॅजिस्ट्रेटने धावावे, पण जिंकू नये

पोर्ट सॉमर्स, सेंट ऑडेल बेट
ईस्टर उलटून दुसरा शनिवार

प्रिय आणि (आईनं लहानपणी चिमटे काढून शिकवल्याप्रमाणे) पूज्य फिलोमिना मावशी,

तुला वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? बर्मिंगहॅमचा हिवाळा एप्रिलात संपतो असं आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं, पण तू आईला फोनवर म्हणालीस की पुस्तक लिहिणारा बर्मिंगहॅमला कधी राहिलेला नसणार. लोकरी मोजे घालत जा. डेस्मा आणि जावईबापू मजेत असतील. डेस्माच्या ज्या बाळंतपणासाठी तू सहा महिन्यांकरता तिकडे गेलीस, ते बाळ आता दाढी करतं आणि कॉलेजात जातं असं कळलं. बाळंतपण अंमळ लांबलं, पण बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत यातच सगळं आलं.

इकडे सगळं ठीक. आईचं ब्लडप्रेशर चर्चच्या समितीची बैठक असेल त्या दिवशी चढतं आणि बैठकीत तिचं म्हणणं मान्य झालं की उतरतं. डॉक्टरांचं म्हणणं, गोळ्या समितीलाच दिलेल्या बऱ्या. परसातला ब्रेडफ्रूट यंदा इतका लगडलाय की शेजारीपाजारी आम्हाला ओळख द्यायला तयार नाहीत (पिशवीभर फळं गळ्यात पडतील या धास्तीनं).

आता मुद्द्याचं. तू आईला विचारलंस म्हणे, की ज्यूनेलनं एग्बर्टच्या बोकडाला अटक केली हे खरं का. (ही खबर पोस्टातल्या मिसेस टिरेलनी पोचवली असणार, त्या बाईंच्या बातम्या त्यांच्याच टपालाच्या कितीतरी आधी पोचतात.) मावशी, मी बोकडाला अटक केलेली नाही. मी त्याला गोठवलंय. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक समजावून सांगण्याचाच मला पगार मिळतो. आजवर तो कोणालाही समजलेला नाही, ही गोष्ट वेगळी. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगते. चहा करून घे आणि बैस. मीही ऑफिसातच बसलेय. शनिवारी इथं पंख्याखेरीज कोणी बोलत नाही.

माझं काम काय, हे आईला विचारशील तर ती 'सरकारात मोठी वकील आहे' एवढं सांगून विषय बदलते, कारण पुढचं तिला ठाऊक नाही. ते असं. लंडनमध्ये सरकारची कोणावर तरी खप्पा मर्जी होते आणि त्याचं नाव निर्बंधांच्या यादीत चढतं. आपल्या बेटाला स्वतःचा झेंडा आहे, टपालाचं तिकीट आहे, राष्ट्रीय पक्षीसुद्धा आहे (उडत नाही, पण आहे). परराष्ट्र धोरण तेवढं लंडनहून शिवून येतं. आपण फक्त घालायचं, मग ते काखेत काचलं तरी. यादीतल्या माणसाची बेटावर जी काही चीजवस्तू असेल ती होती तिथे, होती तशी थिजवायची. विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, तिच्यातून कोणी काही कमवायचं नाही. काही करायचं तर गव्हर्नरसाहेबांचा परवाना हवा. गव्हर्नरसाहेबांना सल्ला देतात अॅटर्नी जनरलसाहेब, आणि अॅटर्नी जनरलसाहेबांना सल्ला देते मी. माझ्या खाली कोणीच नाही, त्यामुळे चुकतं तेव्हा ते कोणाचं हे शोधायला वेळ लागत नाही.

तर टेकडीवरच्या पांढऱ्या बंगल्यातले मिस्टर कोस. तू गेल्यानंतर आलेले, तुला माहीत नसतील. दर हिवाळ्यात यायचे, चांगला माणूस वाटायचे, म्हणजे टीप द्यायचे. दोन ईस्टरपूर्वी ते बोकडांच्या शर्यतीला आले, त्यांनी एग्बर्टकाकांचा मॅजिस्ट्रेट धावताना पाहिला, आणि त्यांना तो हवासाच झाला. (बोकडाचं नाव मॅजिस्ट्रेट, त्याच्या दाढीवरून आणि समोरच्याकडे बघण्याच्या पद्धतीवरून.) काकांनी विकला. पण मिस्टर कोस बोकड घेऊन जाणार कुठे? तो राहिला काकांच्याच गोठ्यात, काकांच्याच हातचं खात, फक्त कागदोपत्री मालक कोस. काकांनी परदेशी शेठला बोकड विकला हे बेटावर ज्याला ऐकून ऐकून पाठ झालं नव्हतं असा एकच जीव होता, तो म्हणजे बोकड.

यंदा फेब्रुवारीत मिस्टर कोस यादीत चढले. त्यांनी नेमकं काय केलं ते यादीत लिहिलेलं आहे, आणि ते वाचून कोणालाही काहीही कळू नये याची काळजी माझ्यासारख्याच कोणा वकिलानं घेतलेली आहे. ते स्वतः तेव्हा बेटावर नव्हतेच. मी नियमाप्रमाणे रेडिओवर निवेदन दिलं: सदर इसमाची कोणतीही मालमत्ता ज्याच्या ताब्यात असेल त्यानं आमच्या कार्यालयाला कळवावं, न कळवल्यास गुन्हा. मला वाटलं होतं बँकेचे मॅनेजर येतील, बोटीच्या धक्क्याचा माणूस येईल. आले, तेही आले. पण सगळ्यांच्या आधी, ऑफिसचं दार उघडायच्याही आधी, रविवारचा करडा सूट घालून पायरीवर उभे होते एग्बर्टकाका. रेडिओवर त्यांचं नाव घेतलं नव्हतं तरी ते आपल्यालाच उद्देशून होतं अशी त्यांची खात्री. "ज्यूनेल," ते म्हणाले, "लंडनला कळव, ती मालमत्ता माझ्याकडे आहे. आणि तब्येत उत्तम आहे."

मावशी, मी त्यांना घरी जायला सांगितलं. तीनदा सांगितलं. मग आत नेऊन, दार लोटून, वकील म्हणून नाही तर भाची म्हणून विचारलं, की काका, नीट आठवा, कोसनी पैसे पुरते दिले होते का? थोडे जरी राहिले असतील, तरी व्यवहार पुरा झाला नाही असं मला लिहिता येईल, मग बोकड तुमचाच, आणि आपण दोघंही मोकळे.

"पुरते दिले," काका म्हणाले. "वर एक हॅट दिली."

"आठवून बघा ना जरा."

काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर त्यांना घेऊन आलेला कथबर्ट आपल्या टॅक्सीला टेकून उभा होता. (कथबर्ट आठवतो ना? तुमच्या कुंपणापलीकडचा. अजून बोकड पाळतो, अजून दर ईस्टरला काकांकडून हरतो, आणि गावात दुसरी टॅक्सी नसल्यामुळे काका अजून त्याच्याच गाडीतून हिंडतात, मागच्या सीटवर बसून.) "तो बाहेर उभाय," काका हळू आवाजात म्हणाले, "आणि मी म्हणू की परदेशी माणसानं मला उधारीवर गुंडाळलं? त्यापेक्षा तू बोकड गोठव."

गोठवला. नोंद केली: बंगला एक, मोटरबोट एक, स्कूटर तीन, मॅजिस्ट्रेट एक. हे टिपण मी वर पाठवलं तेव्हा कोणीतरी अर्धवट वाचलं, आणि दुपारपर्यंत आपल्या न्यायालयातले खरे मॅजिस्ट्रेट, मिस्टर लॅसेल्स, घामाघूम होऊन माझ्या दारात उभे, की माझं परदेशात कुठेच काही नाही, बायकोच्या नावावर आहे ते तिच्या माहेरचं आहे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही नाही, बोकड. त्यांना हायसं वाटलं, पण पूर्ण नाही.

मग चाऱ्याचा प्रश्न. खर्च कोसच्या खात्यातून यायचा, खातं बंद. काका म्हणाले मी खायला घालतो. पण यादीतल्या माणसाची मालमत्ता फुकट सांभाळणं म्हणजे त्याला लाभ पोचवणं होतं का, हा प्रश्न निघू शकतो (मीच काढला, माझी खोड आहे). म्हणून 'मालमत्तेची नित्याची देखभाल' या सदराखाली परवान्यासाठी लंडनला अर्ज केला. लंडनचा अर्जाचा नमुना बोटींसाठी बनवलेला. मी प्रामाणिकपणे भरला. इंधन: गवत, मक्याचे दाणे. लांबी: शिंगांसह आणि शिंगांशिवाय. तिकडून अत्यंत सभ्य उत्तर आलं, की माहितीबद्दल आभार, मात्र सदर नौकेवर सध्या किती खलाशी आहेत याचा उल्लेख राहिला आहे. मी कळवलं, एकही नाही, बोकड आहे. पुन्हा सभ्य उत्तर आलं, की खलाशी नसताना नौका धक्क्याला सुरक्षित बांधली आहे याची खात्री करावी. मी काकांना फोन करून खात्री केली. बांधलेला होता. परवाना मिळाला.

(बांधलेला होता हे त्या दिवसापुरतं. पुढच्याच आठवड्यात तो कुंपण ओलांडून कथबर्टच्या शेळ्यांमध्ये गेला आणि निघायचं नाव घेईना. त्यातून काही व्यवहार घडला का, घडला असल्यास मोबदल्यात का, आणि होणारी करडं गोठलेली जन्माला येतील की साधी, यावर माझं एक स्वतंत्र टिपण आहे. ते मी कोणाला दाखवलेलं नाही आणि तुलाही पाठवणार नाही.)

इथवर सगळं सुसह्य होतं. मग ईस्टर आला.

तुला सांगायला नको, ईस्टरच्या मंगळवारी मॅजिस्ट्रेट धावणार नाही असं म्हणणं म्हणजे ईस्टरच नाही म्हणण्यासारखं. गावात कुजबुज सुरू झाली. आई मला थंड जेवण वाढायला लागली. पाळकांनी प्रवचनात अशा लोकांसाठी प्रार्थना केली ज्यांची मनं कागदाची झाली आहेत. नाव घेतलं नाही, पण अख्खं चर्च मान वळवून माझ्याकडे बघत होतं. काका मात्र रोज पहाटे टेकडीवर बोकडाला पळवायला नेत राहिले, आणि मला रस्त्यात भेटले की हॅट (कोसची) उचलून सलाम करायचे. त्या सलामानं मी जास्त खचले.

म्हणून मी सगळे आदेश पुन्हा वाचायला घेतले, आणि मावशी, मला फट सापडली. कायदा म्हणतो, गोठवलेली वस्तू मोबदल्यासाठी वापरायची नाही. धावणं हा मोबदला नव्हे. धावणं म्हणजे व्यायाम, आणि व्यायाम म्हणजे नित्याची देखभाल, जिचा परवाना आपल्याकडे आहेच. अडचण आहे ती जिंकण्यात. जिंकलं की करंडक मिळतो, आणि वर कसाई मंडळाकडून डुकराच्या मांडीचा एक मोठा हॅम, आणि हे दोन्ही झाले मोबदला. तेव्हा मी सल्ला लिहिला, की सदर बोकडानं शर्यतीत भाग घेण्यास हरकत दिसत नाही, मात्र त्यानं पहिला क्रमांक पटकावू नये. अॅटर्नी जनरलसाहेबांनी तो वाचला, फार समतोल आहे म्हणाले, आणि सही न करता गव्हर्नरसाहेबांकडे पाठवला. गव्हर्नरसाहेबांनी (हे नवीन, सभ्य आहेत, कोणालाही न दुखावता मुदत संपवून घरी जायचं एवढीच त्यांची इच्छा) मला बोलावून विचारलं, की बोकडाला हे कळवणं कोणाच्या अखत्यारीत येतं. मी म्हटलं, माझ्या.

संध्याकाळी काकांकडे गेले. ते गोठ्यात बोकडाच्या खुरांना तेल लावत होते. मी सगळं समजावून सांगितलं. देखभाल काय, मोबदला काय. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे धावायचं," ते म्हणाले.

"हो."

"पण जिंकायचं नाही."

"दुसरा आला तरी चालेल, काका. दुसऱ्याला नुसतं प्रमाणपत्र असतं."

काकांनी बोकडाचं तोंड माझ्याकडे वळवलं. "मग तूच सांग त्याला. मला तोंड नाही."

मी बोकडाला काही सांगितलं नाही. लेनक्सला सांगितलं. (लेनक्स हा मॅजिस्ट्रेटचा दोरीवाला, शर्यतीत बोकडामागून दोरी धरून तोच धावतो, आणि एरवी लाटेवर फळी चालवायला शिकवतो.) त्याला म्हटलं, दोरी जरा मागे ओढून धर. त्यानं माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याला त्याच्या आईला ढकलायला सांगितलंय, पण हो म्हणाला, कारण त्याच्या शिकवणीच्या परवान्याचं नूतनीकरण आमच्याच ऑफिसातून होतं. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. नुसती फाइल हातात होती.

ही गुप्त गोष्ट होती. म्हणजे मंगळवार सकाळपर्यंत बेटावर सगळ्यांना माहीत होती. आणि इथं माझ्या समतोल सल्ल्यात एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे कथबर्ट. इतकी वर्षं त्याला मॅजिस्ट्रेटला हरवायचं होतं, आता आयती संधी होती. पण शर्यतीच्या आधी मी त्याला त्याच्या दोरीवाल्याच्या कानाशी लागलेला पाहिला, आणि चेहरा असा की कोणी त्याच्या ताटात उष्टं वाढलंय. नंतर कळलं तो काय म्हणाला. तो म्हणाला, "सरकारनं जिंकून दिलेला करंडक मी घरी नेणार नाही. अॅडमिरलला मागे धर." अॅडमिरल म्हणजे त्याचा बोकड. आणि कथबर्ट घेत नाही तो करंडक आपण कसा घ्यायचा, असं बाकीच्या मालकांनीही आपापल्या परीनं ठरवलेलं होतं, एकमेकांना न विचारता.

तेव्हा मावशी, शिट्टी वाजली आणि आपल्या बेटाच्या इतिहासातली सगळ्यात हळू शर्यत सुरू झाली. बोकड पुढे ओढतायत, दोरीवाले टाचा रोवून मागे रेलतायत. आधी लोक हसले. मग एक बोकड बसला. दुसऱ्यानं वाटेतली झुडपं खायला घेतली. अॅडमिरल तर वळून उलटा निघाला होता. गव्हर्नरसाहेब मांडवात करंडकाशेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण कशासाठी वाजवायच्या हे कळत नसल्यामुळे अधूनमधून थांबत होते. आणि मधोमध मॅजिस्ट्रेट, मान ताठ, चारी पाय थरथरतायत, दोरी लेनक्सच्या हाताला दोन वेढे घेतलेली, आणि बोकड पुढं बघत नव्हता, मांडवाकडे बघत होता. काका तिथं बसले होते. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "एग्बर्ट, म्हातारा झाला रे तुझा बोकड." मी काकांकडे पाहिलं. मावशी, मी त्यांना अनेक ईस्टरना पाहिलंय, चिडलेले, फुशारलेले, एकदा रमनं झिंगलेले. त्या दिवशी ते मयताच्या घरी बसतात तसे बसले होते, हॅट गुडघ्यावर.

मग ते उठले. हॅट खाली ठेवली आणि हाक मारली. (काय हाक मारली ते सोड.) एकच हाक, लांबवलेली, टेकडीवर पहाटे मारतात ती.

लेनक्सचा हात खांद्यातून निखळायचा राहिला. दोरी सुटली, आणि मॅजिस्ट्रेट असा निघाला की बाकीचे बोकडसुद्धा बघत उभे राहिले. कोणी स्पर्धेला नव्हतंच, पण तो तसा धावला नाही. तो धावला जणू कोणी पुढे आहे. रेघ ओलांडून थांबला नाही, थेट मांडवात काकांपर्यंत गेला आणि त्यांच्या मांडीला डोकं टेकवून उभा राहिला. मैदानावर जो गोंगाट झाला त्यात मीही होते, मावशी. सरकारी वकील म्हणून मी तिथं देखरेखीला उभी होते आणि मी किंचाळत होते. हे अहवालात नाही.

गव्हर्नरसाहेबांनी करंडक उचलला, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. त्यांनी तो कथबर्टपुढे धरला, कारण अॅडमिरल कसा कोण जाणे दुसरा आला होता (उलटा फिरलेला, पण मॅजिस्ट्रेट शेजारून गेला तेव्हा घाबरून त्याच्यामागे लागला). कथबर्ट हात मागे बांधून म्हणाला, "साहेब, तो माझा नाही. सगळ्या गावानं पाहिलं कोणाचा आहे." तेव्हा करंडक आणि हॅम दोन्ही माझ्याकडे आले. नोंद केली. करंडक माझ्या कपाटावर आहे. हॅम ऑफिसच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजरमध्ये आहे. आजवर मी जेवढी मालमत्ता गोठवली त्यात खऱ्या अर्थानं गोठलेला तो एकटाच.

आता उरला अहवाल. मी रात्र न घालवता, दुपारीच बसून लिहिला, आणि तो माझ्या नोकरीतला सर्वोत्तम अहवाल आहे. सदर प्राणी कोणाच्याही सूचनेविना, स्वयंप्रेरणेनं धावला. सबब कोणाही व्यक्तीनं मालमत्तेचा वापर केला असं म्हणता येत नाही. सबब कोणताही गुन्हा घडलेला नाही. अॅटर्नी जनरलसाहेब म्हणाले, समतोल. गव्हर्नरसाहेब म्हणाले, वा. मी तो पाठवायला घेतला आणि दारात करडा सूट.

"स्वयंप्रेरणेनं म्हणजे काय?" काकांनी विचारलं. (त्यांना कसं कळलं विचारू नकोस. मिसेस टिरेल.)

मी म्हटलं, म्हणजे आपणहून, काका. आणि त्यामुळे तुम्ही सुटलात.

"तो आपणहून धावला नाही. मी हाक मारली."

"काका, हळू बोला. मारली असेल तर तो गुन्हा आहे. दंड आहे. तुरुंगसुद्धा आहे."

"असेल," काका म्हणाले. ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. "पण आपणहून तर कोणताही बोकड धावतो. कथबर्टचासुद्धा कधीतरी धावेल. हा थांबला होता, माझ्यासाठी थांबला होता, आणि मी बोलावलं तेव्हा आला. ते त्या कागदात नसेल तर मी इतकी वर्षं टेकडीवर काय केलं? तू लिही, हाक एग्बर्टनं मारली. मी सही करतो."

मी त्यांना समजावलं, रागावले, आईला फोन लावून दिला. काही उपयोग नाही. या माणसाला मी विनाकष्ट निर्दोष ठरवलं होतं आणि तो माझ्या टेबलासमोर उभा राहून गुन्ह्याचं श्रेय मागत होता. शेवटी मी म्हटलं, बघते. त्यांनी हॅट घातली आणि गेले. अहवाल मी अजून पाठवलेला नाही. तो इथं, या पत्राच्या खालीच पडलाय, आणि 'स्वयंप्रेरणेनं' हा शब्द मी आतापर्यंत दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय. पहिल्यांदाच असं झालं, की लंडनला काय सांगावं हे मला कळतंय आणि हात चालत नाही.

तर हे असं आहे, मावशी. मी कोणाला अटक केलेली नाही. गुडघ्यांना नारळाचं तेल कोमट करून लावत जा. डेस्माला आणि दाढीवाल्या बाळाला माझं प्रेम. आईचा तुला निरोप, की चर्चच्या पडद्यांचं कापड पाठवलंस ते मापात कमी पडलं, पण समितीला तिनं बरोबर आहे असंच सांगितलंय.

तुझी आज्ञाधारक भाची,
ज्यूनेल
(सरकारी वकील, निर्बंध विभाग, विभाग म्हणजे मीच)

ता. क. हे पत्र मी फक्त खुशाली कळवायला लिहिलंय असं तुला वाटलं असेल, तर तू मला ओळखलंच नाहीस. लंडनच्या खात्यातल्या एक बाई गोठवलेल्या मालमत्तेची पाहणी करायला येतायत, आणि काका त्यांची वाट बघतायत. सूटला इस्त्री करून ठेवलीय. त्या बाईंनी 'काय हो, शर्यत कशी झाली' एवढं जरी विचारलं तरी ते सगळं सांगून सही करतील. म्हणून मी त्यांचं तिकीट काढलंय. पुढच्या गुरुवारी ते बर्मिंगहॅमला उतरतील. लंडनपासून लपवायला लंडनच्या इतक्या जवळ पाठवणं विचित्र वाटेल, पण एग्बर्टकाकांच्या बोकडाबद्दल ज्यांना काहीही ऐकायचं नाही अशी माणसं मला दुसरीकडे एवढ्या संख्येनं मिळणार नाहीत. मी कोणाला पळवून लावत नाहीये. ते अजून तुझे यजमान आहेत, आणि नवऱ्याला बायकोकडे पाठवायला कोणत्याही आदेशाखाली परवाना लागत नाही. दोन्ही गोष्टी मी तपासल्या आहेत. त्यांना जागा दे. बोकडाची काळजी नको, त्याला कथबर्ट घेऊन गेलाय. म्हणाला, "सांभाळतो. हा आजारी पडला तर मी हरवू कोणाला?"

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट मी सोडून दिली. लंडनला ती कळली नाही तरी चालेल, तुला कळली पाहिजे. काकांनी मैदानात हाक मारली ती तुझ्या नावाची. 'फिलोऽऽ', तू विहिरीवर असायचीस तेव्हा घरातून मारायचे तशीच. तू गेल्यानंतरच्या वर्षांत त्यांनी कितीतरी करडांवर इतर शब्द वापरून पाहिले म्हणे, पण हाक म्हणून तोंडाला दुसरं काही लागेना, आणि बोकडांना तेवढंच कळायला लागलं. गावाला ती रोज पहाटे ऐकून सवय झालीय. तुला कोणी सांगितलं नाही, कारण आधी वाटलं तू चिडशील, आणि नंतर फार उशीर झाला. मी अहवालासाठी म्हणून त्यांना नेमका शब्द विचारला, तर सूटची कॉलर नीट करत म्हणाले, "ते लिहू नकोस. तेवढं तिला मी सांगेन." तेव्हा गुरुवारी ते सांगतील. कितीही वेळ लागला तरी सांगू दे, मध्येच वाक्य पुरं करू नकोस, आणि आपण पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा कर. माझी खरी विनंती एवढीच.

(वेगळ्या, मोठ्या अक्षरात)

फिलो, तिकीट न्यायला आलो होतो. ज्यूनेल तिच्या साहेबांचा फोन घ्यायला गेली तेवढ्यात हे वाचलं. बहुतेक खरं आहे. फक्त मॅजिस्ट्रेटचे पाय थरथरत होते असं लिहिलंय ते चूक, तो दम धरून होता. ते सांगायचं होतं ते हिनंच सांगून टाकलं, तर आता मी काय सांगू ते विमानात बघतो. हिचा तो अहवाल टेबलावरच होता, त्यावर सही करून ठेवलीय. पत्र मीच पोस्टात टाकतो. हॅम फ्रीजरमधून काढून घेतलाय, सोबत आणतो. बटाटे तू उकडून ठेव.

एग्बर्ट